अभिधेची शपथ : ‘लिटरली’ या क्रियाविशेषणाचा अर्थेतिहास

१

इंग्रजी भाषेतील फार थोड्या क्रियाविशेषणांच्या वाट्याला ‘लिटरली’ या शब्दाइतका वाद आला असेल. ऑगस्ट २०१३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन वृत्तपत्रांतून या शब्दावरून मोठी ओरड झाली. एखाद्या गोष्टीवर भर देण्यासाठी, ती अक्षरार्थाने खरी नसतानाही, ‘लिटरली’ वापरतात, अशी नोंद ऑक्सफर्डच्या कोशाने केल्याचे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले. शब्दाला त्याच्या विरुद्ध अर्थ चिकटवून कोशकारांनी शरणागती पत्करली, असा आक्षेपाचा सूर होता. वस्तुतः ती नोंद सप्टेंबर २०११ मध्येच झालेली होती, आणि ज्या प्रयोगाची ती नोंद होती तो तर सुमारे अडीचशे वर्षे छापील इंग्रजीत रूढ होता. परंतु वाद कोशातील एका ओळीपुरता नव्हता. ‘शब्दाचा खरा अर्थ’ नावाची काही स्थिर वस्तू असते आणि भाषेने तिच्याशी एकनिष्ठ राहावे, ही श्रद्धा त्यामागे उभी होती. अलंकारिक भाषेचा विचार करणाऱ्या कोणत्याही साहित्यशास्त्राला या श्रद्धेची तपासणी करणे भागच आहे. ‘लिटरली’चा इतिहास या तपासणीस विशेष उपयोगी पडतो. कारण अलंकाराला नकार देण्यासाठी घडलेला हा शब्द अलंकाराच्याच सेवेत रुजू झालेला आहे.

सत्यवाचक शब्द भरवाचक होणे ही इंग्रजीत नवलाची गोष्ट नाही. ‘व्हेरी’ हा आज सर्वांत निरुपद्रवी वाटणारा शब्द मुळात ‘खरा’ या अर्थाचे विशेषण होता. लॅटिनमधील ‘वेरुस’ या शब्दाच्या कुळातून तो जुन्या फ्रेंचमार्फत तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. चॉसर आपल्या सरदाराचे वर्णन करताना तो याच अर्थाने योजतो. नायसीन श्रद्धावचनाच्या इंग्रजी पाठात ख्रिस्ताला ‘खरा देव’ म्हणताना तेच विशेषण आलेले आहे. प्राचीन इंग्रजीत हे काम ‘स्विदे’ नावाचे क्रियाविशेषण करीत असे. ते झिजून गेल्यावर ‘फुल’, ‘वेल’, ‘राइट’ हे शब्द पुढे आले आणि सोळाव्या शतकापर्यंत ‘व्हेरी’ने त्यांना मागे सारले. पुढे ‘ट्रूली’ आणि ‘रिअली’ यांचाही प्रवास याच दिशेने झाला. स्टॉफेलने १९०१ मध्ये आणि बोलिंजरने १९७२ मध्ये भरवाचक शब्दांचा जो विस्तृत अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भर देणारे शब्द वापराने बोथट होतात आणि वक्त्यांना सतत नव्या शब्दांचा शोध घ्यावा लागतो. ‘व्हेरी’ने सत्याची साथ सोडली म्हणून आज कोणी हळहळत नाही. मग ‘लिटरली’बद्दलच एवढा क्षोभ का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘लिटरल’ या विशेषणाच्या पूर्वेतिहासात शोधावे लागते.

२

‘लिटरल’ हे विशेषण लॅटिन ‘लित्तेरा’ म्हणजे अक्षर या शब्दावरून आलेले आहे. ‘अक्षराचा’ अर्थ ही कल्पना युरोपात व्याकरणापेक्षा धर्मग्रंथाच्या वाचनाशी अधिक निगडित होती. पॉलच्या पत्रांतील मारक अक्षर आणि तारक आत्मा हे द्वैत पुढील सर्व भाष्यकारांना वारशाने मिळाले. संस्कृत परंपरेत ‘अक्षर’ म्हणजे जे झिजत नाही ते. ख्रिस्ती परंपरेत मात्र नुसत्या अक्षराला चिकटणाऱ्याचा घात होतो. दोन्ही परंपरांतील वाचनविचारांच्या आरंभबिंदूंतील हे अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मध्ययुगीन भाष्यपद्धतीने शास्त्रवचनाचे चार अर्थ मानले : अक्षरार्थ, रूपकार्थ, नीत्यर्थ आणि परमार्थ. अक्षरार्थ हा पाया होता, परंतु पाया म्हणजे इमारत नव्हे.

आज ज्याला ‘लिटरल’ म्हटले जाते, त्याच्याशी हा अक्षरार्थ पूर्णपणे जुळत नाही. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर जे बारा भागांचे भाष्य लिहिले, त्याच्या शीर्षकातच ‘अक्षराला अनुसरून’ असा दावा आहे. तरीही सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस हे सूर्याने मोजलेले नेहमीचे दिवस होते, असे त्या भाष्यात तो मानीत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने या संकल्पनेची काटेकोर मांडणी केली. ग्रंथकर्त्याला जे अभिप्रेत असते तो अक्षरार्थ, अशी त्याची भूमिका आहे. त्यामुळे ग्रंथात ईश्वराच्या बाहूचा उल्लेख आला, तर ईश्वराला हात आहे हा त्या वचनाचा अक्षरार्थ ठरत नाही. त्या हाताने सुचविलेले कर्तृत्वसामर्थ्य हा त्याचा अक्षरार्थ होय. म्हणजे रूपक हे अक्षरार्थाच्या बाहेर नसून त्याच्या पोटातच सामावलेले आहे. आजच्या शुद्धिवाद्याने ‘लिटरल’ आणि ‘फिगरेटिव्ह’ यांमध्ये जी भिंत उभी केलेली आहे, ती अक्वायनसला अपरिचित होती.

ही भिंत धर्मसुधारणेच्या काळातही एका दिवसात उभी राहिली नाही. विल्यम टिंडलने १५२८ मध्ये चार अर्थांची पद्धत धुडकावून लावली आणि शास्त्राला एकच अर्थ असतो व तो म्हणजे अक्षरार्थ, असे निक्षून सांगितले. परंतु शास्त्रात दृष्टांत, म्हणी, उपमा असतात हे त्याने नाकारले नाही. त्या जे सुचवितात तोच त्यांचा अक्षरार्थ, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मारबुर्ग येथील चर्चेत ल्यूथर आणि झ्विंगली समोरासमोर आले. भाकरीकडे निर्देश करून ख्रिस्ताने जे म्हटले त्यातील ‘आहे’ या एका क्रियापदावर सारा वाद अडला. ‘आहे’ म्हणजे आहेच, असा ल्यूथरचा आग्रह. ‘आहे’ म्हणजे ‘दर्शविते’, हे झ्विंगलीचे मत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर एका क्रियापदाच्या ठिकाणी अभिधा मानावी की लक्षणा, या प्रश्नावर सुधारणावादी युरोप दुभंगला. टिंडलला १५३६ मध्ये देहदंड झाला. शब्द अक्षरार्थाने घ्यावा की नाही, हा त्या शतकात जीवनमरणाचा प्रश्न होता. ‘लिटरली’ या शब्दाला आजही जी एक प्रकारची गंभीर, साक्षीपुराव्याची छटा आहे, तिचे मूळ या इतिहासात आहे.

३

सतराव्या शतकात ही जबाबदारी धर्मशास्त्राकडून विज्ञानाकडे आणि तत्त्वज्ञानाकडे गेली. टॉमस स्प्रॅटने १६६७ मध्ये रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना अलंकारांनी फुगलेल्या शैलीवर हल्ला चढविला आणि वस्तूंइतकेच शब्द वापरणाऱ्या साध्या भाषेचा पुरस्कार केला. लॉकने मानवी आकलनावरील ग्रंथात अलंकारिक भाषेला फसवणुकीचे साधन ठरविले, मात्र तसे करताना वक्तृत्वाची तुलना स्त्रीच्या मोहकतेशी केली. अलंकाराचा निषेध अलंकारावाचून करता येत नाही, हे पॉल द मान याने १९७८ मधील निबंधात लॉकच्याच आधारे दाखविले आहे. येथे महत्त्वाचे ते असे की अक्षरार्थाची जुनी, समावेशक कल्पना या काळात आकुंचन पावली. ग्रंथकर्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ मागे पडून शब्दाचा मूळ, अलंकारपूर्व अर्थ म्हणजे ‘लिटरल’, असे समीकरण रूढ झाले. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘लिटरली’चे स्पष्टीकरण याच समीकरणावर आधारलेले आहे. शब्दाच्या आद्य अर्थानुसार, अलंकारिक रीतीने नव्हे, असा त्याचा आशय आहे.

परंतु कोशात हे समीकरण स्थिर होण्यापूर्वीच प्रयोगात त्याला तडा गेला होता. ‘लिटरली’ हे क्रियाविशेषण पंधराव्या शतकापासून इंग्रजीत होते, पण भर देण्याचे काम त्याला सतराव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. ड्रायडनच्या १६८७ च्या ‘द हाइंड अँड द पँथर’ या काव्यात रोजच्या भाकरीसाठी याचना करण्याचा उल्लेख येतो आणि तेथे हा शब्द आहे. रोजची भाकरी हा प्रार्थनेतील ठरीव शब्दप्रयोग. त्याच्याशी ‘लिटरली’ जोडल्यावर तो पुन्हा पोटाच्या भाकरीचा होतो. विधान खरे आहे, तरीही शब्दाचे काम आता केवळ अर्थनिर्णयाचे राहिलेले नाही. सवयीने गुळगुळीत झालेल्या शब्दांकडे लक्ष खेचण्याचे आहे. ज्या काव्यात चर्चपंथ हरिणी आणि चित्ता होऊन वाद घालतात, त्या आद्यंत रूपकात्मक काव्यात अक्षरार्थाची अशी ग्वाही यावी, हेही अर्थपूर्ण आहे. पोपच्या १७०८ च्या एका पत्रात आजचा दिवस म्हणजे कालचाच दिवस, अशा आशयाच्या विधानाला हा शब्द जोडलेला आहे. येथे अक्षरार्थ आणि अतिशयोक्ती यांमधील सीमारेषा जवळजवळ पुसली गेली आहे.

ती पूर्णतः ओलांडली गेल्याचा कोशकारांना सापडलेला सर्वांत जुना दाखला १७६९ चा आहे. फ्रान्सिस ब्रुक या लेखिकेची ‘द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू’ ही पत्रात्मक कादंबरी त्या वर्षी लंडनमध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाली. तिचे कथानक बव्हंशी क्विबेकमध्ये घडते. तीमधील एका पत्रात, येताक्षणीच सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात जाण्याचे भाग्य लाभलेल्या पुरुषाविषयी म्हटले आहे की हे तर ‘लिटरली’ कुमुदिनींच्या ताटव्यात चरणे होय. या प्रतिमेचे मूळ बायबलमधील ‘गीतरत्ना’त आहे, आणि ‘गीतरत्न’ हे काही साधे पुस्तक नव्हे. अक्षरार्थ आणि रूपकार्थ यांच्या झगड्यातील ते प्रमुख रणक्षेत्र होते. त्यातील उघड शृंगार हा ख्रिस्त आणि चर्च यांच्या, किंवा ईश्वर आणि जीव यांच्या प्रेमाचे रूपक आहे, असे मानून बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्यावर ८६ प्रवचने रचली. हे काव्य म्हणजे प्रेमकाव्यच, अशी भूमिका घेतल्यामुळे सेबॅस्टियन कॅस्टेलिओला १५४४ मध्ये जिनीव्हात कॅल्व्हिनने धर्मोपदेशकपद नाकारले. त्यास जी कारणे होती त्यांपैकी हे एक. अशा ग्रंथातील प्रतिमा घेऊन ती एका सामाजिक समारंभाला लावायची आणि वर ती अक्षरार्थाने खरी असल्याची ग्वाही द्यायची, यात एक खोडसाळ आनंद आहे. भाष्यकारांनी ज्या कुमुदिनींचे आत्म्यात रूपांतर केले होते, त्यांना ही पत्रलेखणी पुन्हा रक्तामांसाच्या स्त्रिया करते. आणि तरीही त्या कुमुदिनी रूपकच राहतात. ‘लिटरली’चा हा ‘अशुद्ध’ प्रयोग अज्ञानातून जन्मला असे समजणाऱ्यांनी या पहिल्या दाखल्यातील जाणतेपणाकडे पाहावे.

४

एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने हा प्रयोग मुक्तपणे वापरला. डिकन्सच्या ‘निकोलस निकल्बी’त शिक्षा करण्यास आतुर झालेल्या माणसाच्या डोळ्यांना जी मेजवानी मिळते ती ‘लिटरली’ मिळते. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर कुंपण रंगविण्याचा हक्क सवंगड्यांना विकून संपत्तीत ‘लिटरली’ लोळू लागतो. ही संपत्ती म्हणजे गोट्या, पतंग असला खेळण्यांचा पसारा आहे, हे वाचकाला ठाऊक असल्याने त्या क्रियाविशेषणाची गंमत वाढते. मुलाच्या दृष्टीने ती संपत्तीच आहे. निवेदक त्या दृष्टीला क्षणभर आपला शब्द उसना देतो.

सर्वांत सूक्ष्म उदाहरण शार्लट ब्रॉंटेच्या १८४७ च्या ‘जेन एअर’मध्ये आहे. आगीत दृष्टी गमावलेल्या रॉचेस्टरची जेन पत्नी होते आणि त्याच्या वतीने जग पाहते, वाचते, सांगते. आपण त्याच्या डोळ्यांतील बाहुली होतो असे सांगताना ती ‘लिटरली’ म्हणते. इंग्रजीतील तो वाक्प्रचार ‘अत्यंत प्रिय व्यक्ती’ या अर्थी इतका रूढ आहे की त्यातील डोळा कोणाला दिसत नाही. जेनच्या वाक्यात तो डोळा पुन्हा दिसू लागतो, कारण ती खरोखरच त्याची दृष्टी झालेली आहे. तरीही ती बाहुली नव्हे. वाक्य अक्षरार्थाने खोटे आहे, रूढ अर्थाने खरे आहे, आणि या दोहोंच्या मध्ये ज्या तिसऱ्या पातळीवर ते सर्वाधिक खरे आहे ती पातळी त्या क्रियाविशेषणाशिवाय उघडत नाही.

विरोधाचा सूर या शतकाच्या अखेरीस उमटू लागला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला संस्थात्मक बळ मिळाले. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा ‘एल’ विभाग हेन्री ब्रॅडलीने संपादिला. त्यात १९०३ मध्ये या शब्दाखाली एक टिप्पणी आली. रूढ रूपक वा अतिशयोक्ती शक्य तितक्या तीव्र अर्थाने घ्यावी हे सुचविण्यासाठी हा शब्द अलीकडे पुष्कळदा अयोग्य रीतीने वापरतात, असा तिचा आशय आहे. १९०९ मध्ये ॲम्ब्रोज बीअर्सने आपल्या लेखनदोषांच्या पुस्तिकेत या प्रयोगाला असह्य ठरविले. त्याच वर्षीच्या वेब्स्टरच्या बृहत्कोशाने मात्र शब्दाच्या अतिशयोक्तिपर वापराची शांतपणे नोंद केली. फाउलरने १९२६ मध्ये उपरोधाचा आश्रय घेतला : जेथे ‘अक्षरशः नव्हे, तर एका अर्थी’ असे म्हणायला हवे, तेथेच लोक नेमके उलट बोलतात, ही त्याची तक्रार होती.

हे आक्षेप ज्या काळात उद्भवले तो काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. ड्रायडनपासून ट्वेनपर्यंत सुमारे दोन शतके लेखक या शब्दाशी खेळत होते आणि जॉन्सननेही कोशात या खेळाची निंदा केली नव्हती. सार्वत्रिक शिक्षणामुळे लिहिणाऱ्यांचा वर्ग विस्तारला, स्वस्त वृत्तपत्रे निघाली, आणि ‘शुद्ध’ प्रयोग ही सामाजिक दर्जाची खूण ठरू लागली, तेव्हा जो प्रयोग लेखकाच्या हाती लीला होता तो पत्रकाराच्या आणि नोकरचाकरांच्या तोंडी दोष ठरला. शब्द तोच होता. बोलणारे बदलले होते.

५

आक्षेपकांच्या युक्तिवादातील मुख्य गृहीतक असे की भरवाचक ‘लिटरली’चा अर्थ ‘अलंकारिकपणे’ असा उलटा झालेला आहे. हे विश्लेषण टिकत नाही. ‘तो लिटरली उडाला’ या वाक्यातून ‘लिटरली’ काढून टाकले तरी उडण्याचा अर्थ लाक्षणिकच राहतो. त्या जागी ‘अलंकारिकपणे’ हा शब्द घातला तर मात्र वाक्य निर्जीव होते. म्हणजे लक्षणा ‘उडाला’ या क्रियापदात आहे, क्रियाविशेषणात नाही. क्रियाविशेषण जे करते ते निराळेच आहे.

भारतीय शब्दशक्तिविचाराची परिभाषा येथे उपयोगी पडते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेला तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. प्रयोजनवती लक्षणेत व्यंग्य असते. रूढिलक्षणेत ते नसते, कारण तेथे वक्त्याने काही विशेष सुचविण्यासाठी लाक्षणिक शब्द निवडलेला नसतो, केवळ प्रघात पाळलेला असतो. ‘डोळ्यांतील बाहुली’, ‘संपत्तीत लोळणे’, ‘डोळ्यांना मेजवानी’ ही सर्व रूढिलक्षणेची उदाहरणे आहेत. मुख्यार्थाचा बाध येथे तत्त्वतः असतो, परंतु वाचकाला तो जाणवत नाही. ‘लिटरली’ हा शब्द नेमका तो विसरलेला बाध जागा करतो. मुख्यार्थाचा आग्रह धरून तो वाचकाला क्षणभर मुख्यार्थापाशी नेतो. तेथे अर्थ अडतो. आणि वाचक लक्ष्यार्थाकडे परततो तेव्हा सोबत काहीतरी घेऊन येतो. ते म्हणजे प्रयोजन : तीव्रता, विनोद, उपरोध किंवा जेनच्या बाबतीत करुण आनंद. रूढिलक्षणेला प्रयोजनवतीच्या पदवीस परत नेणे हे या क्रियाविशेषणाचे खरे कार्य आहे. त्यासाठी त्याला आपला मूळ अर्थ टाकून देता येत नाही. ‘व्हेरी’ आणि ‘लिटरली’ यांत भेद आहे तो येथेच. ‘व्हेरी’ने सत्यार्थ विसर्जित केला, ‘लिटरली’ तो तारण ठेवून कर्ज काढते. म्हणूनच तो प्रयोग अतिवापराने स्वस्त होण्याची भीती खरी आहे. शब्द विरुद्धार्थी झाल्याचा आरोप मात्र खरा नाही.

मूळ अर्थ कोणता, या प्रश्नावरही आपल्या परंपरेत एक उद्बोधक वाद आहे. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला. कुश नावाचे गवत खुडणारा तो कुशल, हा व्युत्पत्तीने मिळणारा मुख्यार्थ. निपुण हा लक्ष्यार्थ. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यावर आक्षेप घेतला. शब्दाची व्युत्पत्ती एक असते आणि त्याच्या प्रवृत्तीचे निमित्त दुसरे. ‘कुशल’चा मुख्यार्थच निपुण हा आहे, त्यात लक्षणा नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. विश्वनाथाची ही भूमिका स्वीकारली, तर जॉन्सनच्या कोशातील आद्य अर्थाचा निकष डळमळीत होतो. किंबहुना ‘लिटरल’ हा शब्दही त्या निकषावर उतरत नाही. अक्षरांना स्वतःचा अर्थ नसतो; अर्थ शब्दांना आणि वाक्यांना असतो. ‘अक्षराचा अर्थ’ ही मुळातच एक लक्षणा आहे. देरिदाने १९७१ च्या ‘श्वेत पुराणकथा’ या निबंधात तत्त्वज्ञानाच्या संकल्पना म्हणजे मुद्रा झिजलेली नाणी आहेत, या प्रतिपादनाची सखोल चिकित्सा केली. ‘लिटरल’ हे त्या नाण्यांपैकीच एक होय, असे म्हणता येईल.

६

विसाव्या शतकातील कथनमीमांसेत या शब्दाला एक अनपेक्षित स्थान लाभले आहे. जॉइसच्या १९१४ च्या ‘डब्लिनर्स’मधील ‘द डेड’ या अखेरच्या कथेचे पहिलेच वाक्य राखणदाराच्या लिली नावाच्या मुलीविषयी आहे. पाहुण्यांच्या सरबराईत तिच्या पायांना उसंत नाही, हे सांगताना जॉइस ‘लिटरली’ वापरतो. फाउलरच्या निकषावर हे वाक्य दोषास्पद आहे. ह्यू केनरने १९७८ मधील ‘जॉइसेस व्हॉइसेस’ या पुस्तकात याचा जो उलगडा केला तो प्रसिद्ध आहे. वाक्य निवेदकाचे आहे, पण शब्द लिलीचा आहे. तिला विचारले असते तर तिने हाच शब्द वापरला असता. पात्राच्या सान्निध्यात निवेदनाची भाषा पात्राच्या भाषेकडे झुकते, या तत्त्वाला केनरने ‘अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट’मधील अंकल चार्ल्सचे नाव दिले. त्या पात्राच्या संदर्भातील एका भारदस्त क्रियापदाबद्दल विंडम लुईसने जॉइसला दोष दिला होता. जो दोष वाटला तीच कारागिरी होती, हे केनरने दाखविले.

लिलीच्या या शब्दाचे महत्त्व तंत्रापुरते नाही. ती मोलकरीण आहे. त्या घरातील सुसंस्कृत पाहुण्यांपैकी कोणीही तो शब्द तसा वापरणार नाही. कथेचा नायक गेब्रिएल हा पुस्तकपरीक्षणे लिहिणारा शिक्षक आहे. आपल्या भाषणात श्रोत्यांना न पेलणारे काव्य उद्धृत होईल या चिंतेत तो असतो. लिलीशी झालेल्या दोन वाक्यांच्या संवादातच त्याचा आत्मविश्वास ढळतो. कथेचा आरंभ मात्र त्याच्या नव्हे, तिच्या भाषेत झालेला आहे. संपादकाने हे क्रियाविशेषण ‘दुरुस्त’ केले असते तर लिलीचा आवाज वाक्यातून नाहीसा झाला असता आणि उरले असते केवळ तिच्याविषयीचे वृत्त. शुद्धतेच्या नियमाने कोणाचा आवाज बंद होतो, हा प्रश्न येथे अमूर्त राहत नाही.

७

मराठी वाचकाला हा सारा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. ‘अक्षरशः’ या शब्दाने मराठीत जवळजवळ हीच वाट चाललेली आहे. पाणिनीने वीप्सेच्या, म्हणजे ‘एकेक घेऊन’ या अर्थी सांगितलेल्या ‘शस्’ प्रत्ययाशी त्याचे नाते आहे. एकेक अक्षर घेऊन, असा त्याचा मूळ अर्थ. ‘अक्षरशः पाठ करणे’ या प्रयोगात तो शाबूत आहे. परंतु ‘पायांचे अक्षरशः तुकडे पडले’ किंवा ‘लोकांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतले’ या वाक्यांत अक्षरांचा संबंध उरत नाही. दुसऱ्या वाक्यात तर संदर्भाशिवाय निर्णयच करता येत नाही. विजयी पैलवानाला खांद्यावर उचलून डोक्यापर्यंत नेलेले असू शकते, किंवा त्याचे केवळ कौतुक झालेले असू शकते. व्याकरण एकच असताना वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ परस्परांना छेद देतात आणि व्याकरण निवाडा करू शकत नाही, ही द मानने १९७३ च्या ‘सेमिऑलॉजी अँड रेटरिक’मध्ये वर्णिलेली अवस्था येथे रोजच्या बोलण्यात आढळते.

‘साक्षात’ हा शब्दही याच कुळातील मानावा लागेल. डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष, हा त्याचा अर्थ. पण ‘साक्षात यम’, ‘साक्षात लक्ष्मी’ हे शब्द उच्चारले जातात तेव्हा यम किंवा लक्ष्मी कोणालाच दिसलेली नसते. रूपकातील अभेदाचा आरोप बळकट करण्यासाठी प्रत्यक्ष प्रमाणाची साक्ष काढलेली असते. इंग्रजीने अक्षराची साक्ष काढली, मराठीने अक्षराची आणि डोळ्याची दोहोंची. ‘भयंकर आवडले’ म्हणणाऱ्या भाषेने भयालाही याच कामाला लावले आहे. अलीकडे शहरी मराठी बोलण्यात ‘लिटरली’ हा शब्द जसाच्या तसा शिरला आहे, तो बहुधा ‘अक्षरशः’ची धार कमी झाल्याची खूण असावी. भरवाचक शब्दांच्या झिजेचा नियम भाषेच्या सीमा मानीत नाही.

याचा थेट परिणाम भाषांतरावर होतो. जॉइसचे ते वाक्य मराठीत आणणाऱ्याने ‘अक्षरशः’ अतिशयोक्त म्हणून गाळले, तर तो फाउलरच्या पंक्तीत बसतो. ब्रॉंटेच्या वाक्यात ‘खरोखर’ घातले, तर अर्थ राहतो पण डोळा हरवतो. ‘शब्दशः भाषांतर करू नये’ हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. परंतु ‘शब्दशः’ या शब्दाचेच भाषांतर करण्याची वेळ येते तेव्हा तो उपदेश पुरत नाही.

‘लिटरली’ उच्चारणारा वक्ता एक प्रकारे अभिधेची शपथ घेत असतो. शपथ घ्यावी लागते ती विधान साध्या शब्दांवर उभे राहू शकत नाही म्हणून. साक्षीदाराच्या शपथेने जसे साक्षीचे सत्य सिद्ध होत नाही, केवळ तिचे गांभीर्य वाढते, तसेच हे आहे. अक्वायनसच्या काळी अक्षरार्थाच्या पोटात रूपक होते. लॉकच्या काळी ते हद्दपार झाले. आणि या छोट्या क्रियाविशेषणाच्या आडून ते पुन्हा परतले. भाषेने केलेली ही चूक आहे असे म्हणण्यापेक्षा, अक्षरार्थ आणि अलंकार यांची फारकत करणाऱ्या सिद्धांताला भाषेने दिलेले ते उत्तर आहे, असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल.